एक प्रत, ब्लॉक नऊ

"पुन्हा टाका, मॅडम," प्राचार्य सातव्यांदा म्हणाले, तेव्हा कीबोर्ड उचलून त्यांच्या हातात द्यावा आणि म्हणावं, घ्या, तुम्हीच टाका, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मी पुन्हा टाकलं. एकेक अक्षर मनात म्हणत, बोटाने नीट दाबून. स्क्रीनवर तीच लाल ओळ आली. ही किल्ली सर्व्हरच्या ओळखीची नाही.

दहा वाजून एकवीस मिनिटं झाली होती. अकराला परीक्षेचा पहिला पेपर. खाली मैदानात पोरं उभी होती, दोनशे तेरा. डोंगराकडच्या पोरी तर पहाटेची एसटी धरून आलेल्या. त्यांचे पेपर पुण्याला विद्यापीठाच्या कम्प्युटरमध्ये होते आणि ते इकडे ओढून घ्यायचं काम माझ्याकडे होतं. मी कोण, तर जुन्नरच्या या कॉलेजात ग्रंथालयातली सहायक. पेठहून नारायणगाव, नारायणगावहून जुन्नर अशा दोन गाड्या बदलून येते, पुस्तकांना नंबर घालते, आणि पोरांनी फाडलेली पानं चिकटवते. मला कुणी सांगितलं होतं हे असलं अंगावर घ्यायला!

सोमनाथभाऊंनी सांगितलं होतं. आणि त्यांना मी नाही म्हणू शकत नव्हते.

सोमनाथभाऊ आमच्या ऑफिसातले कनिष्ठ लिपिक. गाव पिंपरी पेंढार. वय सेहेचाळीस, पण चष्मा काढला की छत्तीसचे वाटतात, हे मी त्यांना तोंडावर सांगते आणि ते लाजतात. पूर्वी पेपरांचे सीलबंद गठ्ठे जीपमधून यायचे, तेव्हा कुणाला काही कळावं लागत नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी विद्यापीठाने जीप बंद केली आणि पेपर कम्प्युटरवर पाठवायला सुरुवात केली. कॉलेजात कम्प्युटरचा कोर्स केलेले एकटे सोमनाथभाऊ. झालं, त्यांच्या गळ्यात पडलं ते पडलंच.

ही पद्धत त्यांनी मला ज्या शब्दांत सांगितली, तशी दुसऱ्या कुणी सांगितली नसती. म्हणाले, "ताई, असं समजा, आपण एक कुलूप बनवायचं अन् ते विद्यापीठाला पाठवून द्यायचं. किल्ली मातर आपल्याच कम्प्युटरात ठिवायची, कुणालाच द्यायची न्हाई. त्ये लोक पेपर पेटीत टाकणार अन् आपलंच कुलूप लावून पाठवणार. मधी रस्त्यात कुणी पेटी पळवली तरी उघडायची कशानं? किल्ली आपल्यापाशी." ही किल्लीसुद्धा उघडते ती एका लांबलचक वाक्याने, ते फक्त भाऊंच्या डोक्यात. कागदावर लिहायचं नाही, बायकोला सांगायचं नाही.

ज्याची किल्ली, त्याने परीक्षेच्या दिवशी या खोलीत बसायचं. ही पूर्वीची सायन्सची अडगळ. एक जाळीची खिडकी, कम्प्युटर, छपाईची दोन मशिनं, एक टेलिफोन, वर कॅमेरा. मोबाइल बाहेरच्या ट्रेमध्ये. पेपर उघडला की दाराला बाहेरून कुलूप, ते साडेअकराला निघायचं, म्हणजे पेपर सुरू होऊन अर्धा तास झाल्यावर. तोपर्यंत आतला माणूस आत. वर्षातून दोनदा परीक्षा, प्रत्येक वेळी वीस-बावीस दिवस. भाऊंचे वडील गेले ते अशाच एका सकाळी. पावणेअकराला गावाहून फोन आला, तो ट्रेमध्ये वाजत राहिला. आमचे शिपाई जानकू यांनी तो उचलला, ऐकला, आणि दारापाशी येऊन उभे राहिले. किल्ली प्राचार्यांच्या खिशात आणि प्राचार्य राउंडला. साडेअकराला दार उघडलं तेव्हा जानकूंना बोलता येईना. भाऊ विचारत होते, काय झालं, पेपर फुटला का?

तर असा हा माणूस. आणि त्याला पदवी नाही.

बी.कॉम. केलं त्यांनी बाहेरून, नोकरी करता करता. सगळे विषय सुटले, राहिला एक, सांख्यिकी. जीपच्या काळात दोनदा बसले, एकदा सहा मार्कांनी गेला, एकदा तीन. मग जीप बंद झाली आणि पेपर कम्प्युटरवर आले. सांख्यिकीचा पेपर ज्या दिवशी असे, त्या दिवशी भाऊ या खोलीत कुलूपबंद. अकरा वर्षं! ज्या पेपराला स्वतः बसायचं, तो दर वर्षी स्वतःच्या हाताने छापून दुसऱ्यांना पाठवायचा. "पुढच्या वेळेला बघू," असं प्राचार्य म्हणत. आधीचे म्हणत, आताचेही म्हणतात. घरी धाकट्या भावाचा पदवीच्या झग्यातला फोटो भिंतीवर आहे, बहिणीचा आहे, मागच्या वर्षीपासून मुलीचाही आहे. साक्षी तिचं नाव, सांख्यिकीतच बी.एस्सी. झाली. भाऊंची आई येणाऱ्या-जाणाऱ्याला फोटो दाखवते आणि सोमनाथची पाळी आली की म्हणते, "त्याचा एकच पेपर राहिलाय." अकरा वर्षं तेच वाक्य.

या वर्षी विद्यापीठाचं पत्र आलं की जुन्या अभ्यासक्रमाची ही शेवटची संधी. यानंतर परीक्षा नाही. राहिलेला विषय राहिला म्हणजे राहिला, पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात. शिवाय मुख्य लिपिकाची जागा जूनमध्ये रिकामी होणार आणि तिला पदवी लागते. तेव्हा मात्र भाऊ प्राचार्यांच्या टेबलापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "सर, औंदा मी बसणार." त्यांचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता. उमेदवार म्हणून बसायचं तर पेपराच्या खोलीत पाय ठेवता येत नाही. म्हणून दुसरं माणूस हवं. तीसेक माणसांच्या स्टाफमधून एकाची पाठ दुखायला लागली, एकाला कम्प्युटरची अ‍ॅलर्जी निघाली. मी म्हटलं, द्या मला.

भाऊंनी मला आठ दिवस शिकवलं, माझं कुलूप बनवून विद्यापीठाला पाठवलं, आणि स्वतः आठ दिवसांची रजा टाकून अभ्यासाला बसले. मोबाइल साक्षीने काढून घेतला. ती त्यांना कांद्याला किती पाणी दिलं आणि किती पिशव्या निघाल्या यावरून सहसंबंध शिकवत होती म्हणे.

आणि आता ही लाल ओळ.

प्राचार्यांनी विद्यापीठाच्या मदतकक्षाला फोन लावला. तिकडच्या मुलीने माझं नाव विचारलं, कॉलेजचा नंबर विचारला, थोडा वेळ टकटक केलं आणि म्हणाली, "यांची किल्ली आमच्याकडे आलीय, पण तुमची मान्यता आली नाही. प्राचार्यांच्या मेलवर आम्ही लिंक पाठवली होती. सहा दिवस झाले."

"मग आत्ता देतो मान्यता," प्राचार्य म्हणाले.

"द्या ना सर. चोवीस तासांत चालू होईल."

"चोवीस तास? अहो, अकराला पेपर आहे माझा!"

"सर, तुमच्या केंद्राची जुनी किल्ली चालू आहे. सोमनाथ नावाने. त्यांना बोलवा."

प्राचार्यांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे न बघता दाराबाहेर बसलेल्या जानकूंना म्हणाले, "सोमनाथला बोलव. वर परीक्षेच्या वर्गात, ब्लॉक नऊमध्ये असेल."

"सर," मी म्हटलं, "त्यांचा पेपर आहे."

"मला माहीत आहे, मॅडम."

जानकू उठलेच नाहीत. साठीला आलेला माणूस, नाकासमोर चालणारा, साहेबांचा शब्द कधी खाली पडू दिला नाही. म्हणाले, "साहेब, दुसरं काय करता येतंय का बघा की जरा." प्राचार्यांनी नुसता हात हलवला. मग जानकू गेले, पाय ओढत.

भाऊ आले. नवा इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात हॉलतिकीट. केस इतके चापून बसवलेले की मला त्या तशातही हसू आलं असतं. त्यांनी स्क्रीनकडे एकदाच पाहिलं. त्यांना दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही.

"मान्यतेची मेल कुणी बगितली न्हाई का?" त्यांनी विचारलं.

छपाईच्या मशिनाचा पंखा तेवढा घुर्रर करत होता.

"अरे, मेल तर तूच बघतोस," प्राचार्य म्हणाले.

आणि हे खोटं नव्हतं. प्राचार्यांची मेल उघडायची, वाचायची, उत्तर लिहायचं, त्यांच्याकडून हो म्हणवून घ्यायचं, हे सगळं अकरा वर्षं भाऊच करत होते. प्राचार्यांना त्यांचा स्वतःचा पासवर्डही पाठ नव्हता. रजेवर जाताना भाऊंनी त्यांना बजावलं होतं, सर, पुण्याहून एक मेल येईल, तिच्यात 'मान्य' दाबायचं. प्राचार्य हो म्हणाले. मी एकदा विचारलं, सर, झालं का? ते म्हणाले, होईल, होईल. दुसऱ्यांदा विचारायचं माझ्या जिवावर आलं. चाचणी घ्यायची होती त्या दुपारी लाइट नव्हती, म्हणून तीही राहिली. आठ दिवस त्या मेलपेटीला कुणी हात लावला नाही, कारण हात लावणारा माणूस घरी बसून सांख्यिकी करत होता. मी दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं. हे मी आजही स्वतःला ऐकवते.

दहा एकोणतीस.

प्राचार्य एकदम उत्साहाने म्हणाले, "सोपं आहे! तुझं ते वाक्य मॅडमना सांग आणि तू जा वर. त्या उघडतील. कोणाला कळतंय?"

भाऊंनी मान हलवली. "सर, किल्ली माजी म्हंजे नोंद माज्या नावाची पडती. साडेधाला सोमनाथनं पेपर उघडला, अन् अकराला त्योच सोमनाथ पेपराला बसला. विद्यापीठाच्या कम्प्युटरला ह्ये सांगायला माणूस लागत न्हाई, त्ये आपोआप कळतं. मला तर घालवत्यालच, पण केंद्राचा निकाल बी दाबून ठिवतील. समद्या पोरांचा."

"मग रे?"

भाऊंनी हातातलं हॉलतिकीट खिशात घातलं. मी मात्र गप्प बसणाऱ्यातली नाही. म्हटलं, "भाऊ, तुमी जा वर. खरंच जा. अकरा वर्सं तुमी बसलात ना हितं? आज नसलात म्हणून काय झालं? पेपर नाय आला तर नाय आला. सरांनी विद्यापीठाला उत्तर द्यावं, माझी मेल उघडायची राहिली म्हणून."

प्राचार्यांचा चेहरा उतरला. त्यांचा मला राग आला होता, पण त्या क्षणी थोडी कीवही आली, खोटं का सांगू. त्यांचीसुद्धा नोकरी होती.

भाऊ खिडकीपाशी गेले. जाळीतून खालचं मैदान दिसत होतं. पोरं झाडाखाली उभी राहून शेवटचं शेवटचं वाचत होती. एक पोरगी पायरीवर बसून डबा खात होती, पहाटे निघालेली असणार. गेटपाशी साक्षी उभी होती, बापाला सोडायला आलेली. तिने खिडकीत कुणीतरी आहे असं पाहून हात हलवला. कोण आहे ते तिला दिसलं नसणार.

"सर," भाऊ वळून म्हणाले, "मी चिडलोय. लई चिडलोय. तुमच्यावर बी अन् माज्यावर बी. आत्ता येळ न्हाई, म्हणून सांगून ठिवतो."

आणि खुर्चीवर बसले.

मी तोंड भिंतीकडे केलं. ते वाक्य टाकत असताना कुणी बघायचं नाही, हा त्यांनीच मला शिकवलेला नियम. भराभर आवाज येत होता, एकही अक्षर मागे पुसलं नाही. मग मशीन गरम व्हायला लागलं, आणि मी वळून पाहिलं तर स्क्रीनवर हिरवी ओळ होती. पेटी उघडली होती. प्राचार्य बाहेर पडले आणि जानकूंनी बाहेरून कुलूप लावल्याचा आवाज आला. आत आम्ही दोघंच.

मग जे काम झालं, ते बघायला हवं होतं कुणीतरी. यादी वाचायची, प्रती टाकायच्या, कागदाचा गठ्ठा ठोकून सरळ करायचा, पहिली प्रत काढून अक्षर पुसट आहे का बघायचं, पाकिटात भरायचं, सील, सही. मी पाकिटं देत होते, ते भरत होते. अर्थशास्त्र, चौसष्ट. मराठी, एकाहत्तर. हिशेबशास्त्र, त्रेपन्न. भूगोल, पंचवीस. खिडकीशेजारच्या फटीतून जानकू एकेक पाकीट बाहेर ओढून घेत होते. दहा पन्नासला चारही विषय गेले.

यादीत खाली आणखी एक ओळ होती. सांख्यिकी, जुना अभ्यासक्रम. ब्लॉक नऊ. उमेदवार एक. प्रती एक.

"हे राहू द्या ना," मी म्हटलं. "कुणाला पाठवायचं?"

"उमेदवार हजर का गैरहजर, ते ब्लॉकात ठरतं, ताई. आपण पाकीट पाठवायचं."

"अहो, उमेदवार तुमी. तुमी हितं बसलाय."

"मला ठावं हाय की."

त्यांनी एक आकडा टाकला आणि बटण दाबलं. मशिनाने चार पानं बाहेर टाकली. प्रत तपासायची असते, म्हणून त्यांनी ती तपासली. पहिलं पान, दुसरं, तिसरं, चौथं. घाई नाही केली. परत पहिल्या पानावर आले आणि त्यांचं बोट तिथे थांबलं.

"साक्षीनं ह्येच घेतलं व्हतं परवा," ते म्हणाले. "सहसंबंध. आठ दुकानं, जाहिरात अन् विक्री. सोळा मार्काला."

मला रडू आलं. मी सरळ रडले, लपवलं नाही. वर कॅमेरा होता, बघू दे विद्यापीठाला. भाऊंनी चारही पानं पाकिटात घातली, सील लावलं, त्यावर वळणदार सही केली आणि पाकीट फटीतून सरकवलं. बाहेरून ते ओढायला जानकूंनी बराच वेळ लावला.

अकराची घंटा झाली.

आता साडेअकरापर्यंत करण्यासारखं काही नसतं. इतर दिवशी भाऊ या वेळात काय करतात ते मला माहीत नव्हतं. त्या दिवशी त्यांनी हातावर हात ठेवले आणि घड्याळाकडे पाहत बसले. अकरा दहाला मी म्हणाले, "अजून जाता येतं. साडेअकरापर्यंत उशिरा आलेल्याला घेतात." बोलून गेले आणि जीभ चावली. पेपर बघितलेल्या माणसाला कुठे जाता येतं! आणि दार साडेअकरालाच उघडणार. ज्या मिनिटाला उशिरा येणाऱ्यांचं दार बंद, त्याच मिनिटाला आमचं उघडं. हे ज्याने ठरवलं त्याने विचार करूनच ठरवलं होतं.

"ताई," ते जरा वेळाने म्हणाले, "तुमची मान्यता देऊन टाकू. सरांची मेल हितून उघडती."

"आता कशाला?"

"उद्याबी पेपर हायेत. मी काय जल्मभर बसू का हितं?"

त्यांनी प्राचार्यांची मेल उघडली. न वाचलेल्या एकसष्ट. विद्यापीठाची मेल तळाला होती, सहा दिवसांपूर्वीची. त्यांनी 'मान्य' वर बोट ठेवलं आणि दाबण्याआधी माझ्याकडे पाहिलं.

"नीट इचार करा. एकदा किल्ली चालू झाली की मंग ह्ये लोक दुसरं माणूस शोधत न्हाईत. माज्याकडं बघा की. घरी कुणाचं बरंवाईट व्हऊ द्या, तुमी आपलं हितं."

मी विचार केला. माझी सासू अंथरुणावर आहे, सकाळची गाडी चुकली की सगळं चुकतं. जाळीची खिडकी, बाहेरच्या ट्रेमध्ये वाजणारे फोन. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. पण मग उद्या पुन्हा भाऊच खुर्चीत, परवाही भाऊच.

"दाबा," मी म्हटलं.

साडेअकराला प्राचार्यांनी स्वतः येऊन दार उघडलं. त्यांच्यामागे जानकू होते, हातात ते एक पाकीट. सील जसंच्या तसं.

"ब्लॉक नऊ," जानकू म्हणाले. "कुणी आलं न्हाई." आणि तोंड फिरवून पायऱ्या उतरून गेले.

गैरहजर उमेदवारांची यादी बाराच्या आत पाठवायची असते, त्याच रस्त्याने, त्याच किल्लीने. भाऊ परत बसले. अर्थशास्त्राचे दोन, मराठीचे तीन. शेवटी सांख्यिकी. बैठक क्रमांक टाकताना त्यांना हॉलतिकीट बघावं लागलं नाही. गैरहजर, एक. कारण या रकान्यात काही लिहिलं नाही. यादी पुण्याला पोहोचल्याची पावती आली, ती त्यांनी छापून फाइलला लावली.

प्राचार्य दारात घुटमळत होते. म्हणाले, "सोमनाथ, हे काही बरं झालं नाही. आपण विद्यापीठाला पत्र लिहू. खास बाब म्हणून तुझी वेगळी परीक्षा घ्यायची विनंती करू. जरा कडक भाषेत लिही. मी सही करतो."

भाऊंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. मला वाटलं, आता बोलतील. सकाळी म्हणाले होते ना, चिडलोय म्हणून. पण ते म्हणाले, "कडक नगं, सर. कडक लिवलं की फाइल तळाला जाती." आणि पत्र टाइप करायला घेतलं. त्या पत्राला उत्तर आलेलं नाही. आज सात महिने झाले.

दोन वाजता पेपर सुटला. पोरं आरडाओरडा करत बाहेर पडली. साक्षी गेटपाशी होती, हातात वही. मी पुढे होते, तिने मलाच गाठलं.

"काकू, पप्पा कुठायत? कसा व्हता पेपर?"

मी म्हटलं, येतायत मागून, आणि सरळ एसटी स्टँडकडे चालायला लागले. भित्रेपणा होता तो. पण त्यांनाही स्टँडवरच यायचं होतं, आळेफाट्याच्या गाडीला. दहा मिनिटांनी बापलेक आले आणि माझ्या पुढच्या बाकावर बसले. मी आहे हे दोघांनाही दिसलं असावं. कुणी तसं दाखवलं नाही.

"आला व्हता का सहसंबंध?" साक्षीने विचारलं.

"आला व्हता. पयलाच."

"बघा! मी म्हटलं नव्हतं? जमला ना?"

तिने वाकून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग तिला सगळं सांगितलं त्यांनी, अगदी थोडक्यात. मेल, किल्ली, पोरं, दार. ऑफिसात एखादी अडचण सांगावी तसं. साक्षी आधी ओरडली. प्राचार्यांना नाव ठेवलं, विद्यापीठाला ठेवलं, "आणि तुम्ही? तुम्ही काय म्हणून बसलात त्या खुर्चीत?" असं म्हणून बापाच्या हातावर एक चापटही मारली. स्टँडवरची माणसं बघायला लागली. मग ती रडायला लागली आणि भाऊ तिच्या पाठीवर हात फिरवत राहिले.

नारायणगावची एक गाडी लागून सुटली, मी उठले नाही.

"आजीला काय सांगायचं?" तिने नाक पुसत विचारलं.

"सांगू काय असंल त्ये. वही दे."

वही कशाला, असं तिने विचारलं नाही. त्यांनी ती मांडीवर घेतली आणि नव्या पानावर आठ आकडे लिहिले. खाली आणखी आठ. चार पानांवर त्यांनी सकाळी एकदाच नजर फिरवली होती. मग बेरजा, वर्ग, गुणाकार, सगळं ओळीने. गाड्या येत-जात होत्या, कुणी त्यांच्या पायावरून पिशवी ओढत नेली, त्यांनी मान वर केली नाही. वीस मिनिटांनी उत्तराखाली दोन रेघा मारून वही मुलीकडे दिली.

साक्षीने वरून खाली तपासलं. एकदा मध्येच थांबली, पुन्हा मोजलं. मग म्हणाली, "बरोबर आहे, पप्पा."

"पुरा?"

"पुरा. सोळापैकी सोळा."

"पास व्हायला चाळीस लागत्यात ना?"

"हो."

"मंग वही आन हिकडं," सोमनाथभाऊ म्हणाले. "दुसरा प्रश्न लिहू."